मदत हवी आहे : फ्रिजमधल्या नळ्यांत पोटॅशियम वाढलेलं येतंय

इंदूरला सुदामानगर भागात आमचं छोटं कलेक्शन सेंटर आहे. रक्त फिरवून पेशी आणि सीरम (वरचा द्रव) वेगळं करणारं सेंट्रीफ्यूज नाही. सकाळी ७ पासून रक्त घेतो, मुख्य लॅबचा मुलगा ११ ला बाईकवरून नेतो. उन्हाळ्यामुळे नळ्या फ्रिजमध्ये ठेवायला लागलो, आणि पोटॅशियम ६.१, ६.४ यायला लागलं. एका आजोबांना तर घरचे रात्रीच दवाखान्यात घेऊन धावले; तिथे ताज्या रक्तात ४.३!

सीरम लाल दिसत नाही, म्हणजे हिमोलिसिस (तांबड्या पेशी फुटणं) नाही. ईडीटीएची (रक्त गोठू न देणारं, पोटॅशियम असलेलं रसायन) जांभळी नळी शेवटीच भरतो, कॅल्शियमही नॉर्मल, म्हणजे ते सीरमच्या नळीत मिसळलेलं नाही. म्हणजे थंडीत पेशींचा सोडियम-पोटॅशियम पंप मंदावून पोटॅशियम बाहेर झिरपतंय, एवढं कळलं. साखरेसाठी फ्लोराइडची करडी नळी आहे, तिची तक्रार नाही.

चार दिवस नळ्या बाहेर ठेवल्या, आकडे सुधारले. पण खोली दुपारकडे ३५ च्या वर जाते, बाईकवरचा डबा त्याहून तापतो. एसी परवडणारा नाही. दोन फेऱ्या करायला लॅब तयार नाही.

छोटं सेंट्रीफ्यूज घेऊन जेलच्या नळ्या (फिरवल्यावर जेल पेशी आणि सीरमच्या मध्ये बसतं) अर्ध्या तासात फिरवल्या, तर पुढे फ्रिज आणि बाईकचे धक्के चालतील का? आणि ते येईपर्यंत डबा २० ते २५ अंशांत कसा राखता? बर्फाचे पॅक नळ्यांना न टेकवता, मध्ये नेमकं काय घालता?