फॅमिली ग्रुप: फिलाडेल्फियाची 'ऑलिंपिया'

केतन (न्यू जर्सी): काल आई-बाबांना फिलाडेल्फियाला नेलं. पेन्स लँडिंगला डेलावेअर नदीत 'ऑलिंपिया' उभी आहे. 1892 मध्ये पाण्यात उतरवलेली पोलादी क्रूझर, म्हणजे अमेरिकेची जुनी युद्धनौका! फोटो टाकतोय.

मीनामावशी: ताईचे गुडघे? चढली का?

केतन: ती वरच बसली. शिड्या फार उभ्या आहेत. बाबा मात्र थेट इंजिनापर्यंत 😀

सुहासमामा: भावोजी ऐकतायत! माझगाव डॉकमध्ये उभी हयात गेली.

सायली: मनिलावाली हीच का?

केतन: हो, अमेरिका-स्पेन युद्धातली मनिलाची लढाई. 1 मे 1898. अमेरिकी ताफ्याचा प्रमुख कमोडोर ड्यूई इथूनच जहाजाच्या कॅप्टनला म्हणाला, "तयार असलास की सुरू कर, ग्रिडली." दुपारपर्यंत तिथला स्पॅनिश ताफा खलास. आणि 1921 मध्ये पहिल्या महायुद्धातल्या अनामिक अमेरिकी सैनिकाची शवपेटी फ्रान्सहून हिनंच आणली. पेटी डेकवर बांधलेली, वाटेत वादळ, शेजारी मरीन सैनिक पहाऱ्याला.

बाबा: अधिकाऱ्यांच्या खोल्या बघा. चकचकीत लाकूड आणि मधेच तोफ! मी गाईडला एकच विचारलं, ड्राय डॉकला, म्हणजे पाण्याबाहेर घेऊन दुरुस्तीला, शेवटची कधी गेली? म्हणाला, 1945. तेव्हापासून पाण्यातच. पाण्याच्या रेषेपाशी पत्रा पार पातळ झालाय, ठिगळांवर चाललंय. मोठ्या तोफांचे टरेट, म्हणजे फिरते बुरूज, तेही नकली, साध्या पत्र्याचे. खरे केव्हाच काढले.

सायली: मग नेत का नाहीत डॉकला?

बाबा: पैसा गं. शिवाय इतकी जुनी बॉडी ओढून न्यायची म्हणजे धाकधूकच.

केतन: 2010 मध्ये ती सांभाळणाऱ्या म्युझियमला खर्च झेपेना. दुसऱ्या कुणाला तरी द्या, नाहीतर समुद्रात बुडवून माशांना घर करा, इथपर्यंत चर्चा झाली. शेवटी त्यांनीच ठेवून घेतली.

सुहासमामा: नशीबवान. आपल्या विमानवाहू विक्रांतचं बघा ना. 71 च्या युद्धातली. 2012 पर्यंत मुंबईत आत जाऊन बघता यायची, 2014 ला तिथल्याच दारूखाना भागातल्या जहाजं मोडायच्या यार्डात तोडायला घेतली.

सायली: मी शाळेच्या सहलीला गेले होते! डेकवर नुसत्या पळापळी.

मीनामावशी: तिच्या लोखंडाची मोटारसायकल काढली होती ना?

सुहासमामा: बजाज व्ही. आमच्या खालच्या मजल्यावरच्यांकडे आहे, कव्हर घालून ठेवतात.

बाबा: ऑलिंपियाच्या वेळी विक्रांतसारखी घाई झाली असती तर मला काल काय बघायला मिळालं असतं? सुहास, येशील तेव्हा लवकर ये. तो पत्रा बघून मला भरवसा वाटत नाही.

सुहासमामा: दिवाळीनंतर तिकिटं बघतो.

केतन: मामा, शेजारीच 'बेकुना' पाणबुडी आहे, तीही बघू.

मीनामावशी: ताईला पाणबुडीत नेऊ नका रे!

केतन: आईनं तिला काठावरूनच नमस्कार केला मावशी.