'बेपत्ता करणे' मराठीत चालतं का?

पाचपाखाडी: मानवी हक्कांवरच्या पुस्तिकेचं भाषांतर चालू आहे. 'एन्फोर्स्ड डिसअपिअरन्स'ला काय म्हणावं? 'सक्तीचे बेपत्ता होणे' हे सक्तीच्या रजेसारखं वाटतं. 'अपहरण' पुरत नाही. २००६ च्या संयुक्त राष्ट्रांच्या करारात व्याख्येचे दोन भाग आहेत: सरकारी माणसांनी, किंवा त्यांच्या आशीर्वादाने इतरांनी, एखाद्याला उचलायचं, आणि मग 'आमच्याकडे नाही' म्हणायचं किंवा त्याचं काय झालं ते दडवायचं. हा दुसरा भाग अपहरणात येत नाही. (भारताने २००७ मध्ये सही केली, पण करार बंधनकारक करून घेणारं अनुसमर्थन नाही.)

नेरूळ पश्चिम: 'बलात् अंतर्धान'.

कळवा नाका: अंतर्धान देव पावतात, तेही वर देऊन झाल्यावर. सरळ 'बेपत्ता करणे' लिहा. बेपत्ता, गायब, नाहीसा, लुप्त, सगळ्यांच्या मागे आपण 'होणे' लावतो आणि करणारा वाक्यातून निसटतो. पोलीस ठाण्यात मात्र शब्दावर पुढचं सगळं ठरतं. प्रौढ माणूस घरी आला नाही की 'मनुष्य मिसिंग' अशी नोंद होते. तो गुन्हा नसतो. अठराच्या आतलं मूल असेल तर सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या आदेशामुळे अपहरण गृहीत धरून गुन्हाच नोंदवायचा. मोबाइल आणि कागदपत्रं 'गहाळ', आरोपी 'फरार'. बेपत्ता माणसाची सात वर्षं खबर नसेल, तर तो जिवंत आहे हे सिद्ध करायचा भार तसं म्हणणाऱ्यावर येतो (जुन्या पुरावा कायद्याचं कलम १०८). म्हणजे बेपत्ता ही कायद्यात मुदत असलेली अवस्था आहे, गायबला ती नाही.

नेरूळ पश्चिम: 'मिसिंग' मराठी कधी झालं? मग 'नॉट रिचेबल'ही कोशात घालून टाका.

मासुंदा: घालाच. जून २०२२ मध्ये आमदार सुरतेहून गुवाहाटीला गेले, तेव्हा त्यांना बेपत्ता म्हटलं असतं तर लोक काळजीत पडले असते. नॉट रिचेबल माणूस कुठे आहे ते सगळ्यांना ठाऊक असतं, फक्त तो फोन घेत नाही. आणि शुद्धीच करायची तर बेपत्तातला 'बे' फारसी, गायब आणि फरार अरबी. परागंदाही फारसी, मूळ अर्थ विखुरलेला. उरतं काय? 'हरवला'.

येऊर: तेवढ्यात 'नामशेष'ही सरसकट वापरू नका. चित्ता १९५२ मध्ये भारतातून नामशेष जाहीर झाला, जगातून नाही. हे वाक्यात यायलाच हवं. रानपिंगळा या छोट्या घुबडाचा १८८४ नंतर खात्रीचा पुरावा नव्हता, तो १९९७ मध्ये शहाद्याजवळ पुन्हा सापडला. पुढे आपल्या तानसा अभयारण्यातही दिसला. मधल्या काळात तो 'नामशेष' लिहिला गेला, प्रत्यक्षात फक्त दिसत नव्हता. मार्च २०२५ मध्ये शनीची कडी 'गायब' झाल्याच्या बातम्या आल्या, तोही हाच प्रकार: कडी पृथ्वीवरून नेमकी कडेने दिसत होती, आणि त्यांची जाडी रुंदीच्या मानाने नगण्य आहे.

नेरूळ पश्चिम: यासाठीच संस्कृत. पाणिनी: 'अदर्शनं लोपः' (अष्टाध्यायी १.१.६०). लोप म्हणजे न दिसणं, नष्ट होणं नव्हे. आणि १.१.६२ प्रमाणे प्रत्यय लोपला तरी त्याचं कार्य होतंच.

कळवा नाका: हे मात्र ठाण्याच्या नाल्यांना तंतोतंत लागू. नाला झाकून वर रस्ता केला, तरी जुलैत पाणी जुन्याच वाटेने येतं. पण तिथेही 'नाला गायब झाला' म्हणू नका. 'बंदिस्त केला' म्हणा, किंवा भराव टाकला असेल तर 'बुजवला'. कुणी, हा प्रश्न लगेच पुढे येतो.

ऐरोली खाडी: नवी मुंबईतल्या धारण तलावांना तर यातला एकही शब्द बसत नाही. भरतीला झडपा बंद होतात, पावसाचं पाणी तलावात थांबतं, ओहोटीला खाडीत जातं. गाळ साचला, गाळात खारफुटी रुजली, साठवण घटली. आता गाळ काढायचा तर खारफुटी तोडायला उच्च न्यायालयाची परवानगी लागते. नकाशावर तलाव तेवढाच. हा ना बुजवला, ना गायब झाला.

मासुंदा: 'गाळाने भरला'. आणि झडपा कसल्या, खारभूमीत त्याला उघाडी म्हणतात.

ऐरोली खाडी: उघाडी म्हणजे बांधातलं अख्खं दार. झडप त्यातली फळी.

पाचपाखाडी: 'बेपत्ता करणे'चं नाम काय होईल? शीर्षकात क्रियापद चालत नाही.

मासुंदा: फळी नाही हो. फळ्या वरून सरकवतात, झडप बिजागरीवर असते.