मैत्रीवर ओझे न टाकता मैत्रिणीला उपासनेला कसे बोलवावे?

तिसरा बाक

सर्वांना प्रभूमध्ये सलाम. माझी एक मैत्रीण गेली नऊ वर्षे आमच्या घरी येते, आमच्याबरोबर जेवते, मुलांचे हट्ट पुरवते. पण ज्या विश्वासावर माझे सारे आयुष्य उभे आहे त्याविषयी मी तिच्याशी आजवर एकदाही मोकळेपणाने बोललेले नाही. ती जेवायला असली की आम्ही जेवणापूर्वीची प्रार्थनाही स्वयंपाकघरात उभ्या-उभ्या उरकतो. परवा धाकट्याने तिच्यासमोरच विचारले, "मावशी आली की आपण टेबलावर प्रार्थना का करत नाही?" माझ्या हातातले भांडे हातातच राहिले. तिला यंदा नाताळच्या उपासनेला बोलवावे असे मनापासून वाटते. परंतु इतक्या वर्षांची मैत्री याचसाठी होती की काय, अशी शंका तिच्या मनात आली तर ती कशी दूर करू?

मोहरीचा दाणा

ताई, तुमची खरी अडचण धाकट्याने नेमकी ओळखली आहे, असे मला वाटते. लपवलेली गोष्ट एकाएकी पुढे आली की माणसाला डावाचा संशय येतो. रोज डोळ्यांसमोर असलेल्या गोष्टीचा येत नाही. म्हणून आमंत्रणाआधी प्रार्थना टेबलावर आणा. "आम्ही जेवणापूर्वी दोन वाक्ये प्रार्थना करतो, तू नुसती बसलीस तरी चालेल," एवढे सांगणे पुरेसे आहे.

बायबलमधील योहानाच्या शुभवर्तमानाच्या (येशूच्या चरित्राच्या) पहिल्याच अध्यायात येशूचा शिष्य फिलिप्प नथनेलाला येशूविषयी सांगतो, तेव्हा येशूच्या गावातून, नासरेथातून, काही चांगले निघू शकते का, असा नथनेलाचा सवाल येतो. फिलिप्प त्यावर वाद घालत नाही, नासरेथची बाजूही मांडत नाही. "येऊन पाहा" एवढेच म्हणतो. लूकच्या पाचव्या अध्यायातला जकातदार लेवी तर स्वतःच्या घरी मोठी मेजवानी देतो आणि आपले जुने सोबती व येशू यांना एकाच पंक्तीला बसवतो. त्या मेजवानीत लेवीने भाषण केल्याचा उल्लेख नाही. मला हे फार मोलाचे वाटते, कारण विश्वासाची साक्ष देणे म्हणजे बोलणेच, असे आपण धरून चालतो.

आमंत्रण देताना मात्र सगळे आधी सांगा: उपासना साधारण किती वेळ चालते, लोक केव्हा उभे राहतात, गीताचे शब्द कुठे मिळतील, दानाची थैली फिरली तर पाहुण्याने काही टाकण्याची गरज नाही. त्या दिवशी प्रभुभोजन (येशूच्या स्मरणार्थ भाकर व द्राक्षारस घेण्याचा विधी) असेल तर ते विशेष सांगा, कारण अनेक मंडळ्यांत (चर्चमध्ये) ते बाप्तिस्मा झालेल्यांनाच दिले जाते, आणि ऐन वेळी सगळा बाक उठून पुढे गेला की एकटे बसून राहिलेल्या पाहुण्याला फार अवघडल्यासारखे होते. तुम्ही तिच्या शेजारीच बसा. त्या दिवशी गायनवृंदात उभ्या राहू नका.

ओसरी

मी केलेली चूक सांगतो, ती तुम्ही करू नये म्हणून. एका मित्राला सहकुटुंब जेवायला बोलावले आणि त्याला न सांगता मंडळीतील एका वडीलधाऱ्या गृहस्थांनाही बोलावले. जेवण होताच त्यांनी बायबल उघडले. मित्राने ताटावरून नजर उचलली नाही; बोटाने रिकाम्या वाटीची कड फिरवत तो ऐकत राहिला, आभार मानून गेला आणि पुन्हा कधी आला नाही. क्षमा मागायला मला दोन वर्षे लागली.

नव्या करारात आतिथ्यासाठी 'फिलोक्सेनिया' हा ग्रीक शब्द येतो. त्याचा शब्दशः अर्थ परक्यावरील प्रेम. त्या संध्याकाळी मी प्रेमाचा वापर आमिषासारखा केला. पेत्राच्या पहिल्या पत्रात (३:१५) आपल्या आशेविषयी विचारणाऱ्याला उत्तर देण्यास तयार राहा, पण ते सौम्यतेने द्या, असे सांगितले आहे. माझ्या मित्राने काही विचारलेच नव्हते.

आणखी एक. लूकच्या दहाव्या अध्यायात येशू शिष्यांना गावोगाव पाठवतो, ते यजमान म्हणून नव्हे तर पाहुणे म्हणून, समोर वाढले जाईल ते खाण्यास सांगून. ताई, तुम्ही तिच्या घरी किती वेळा जाता?

पाहुणा

मी ख्रिस्ती नाही, पण अशा आमंत्रणांवरून अनेकदा चर्चमध्ये गेलो आहे, म्हणून लिहितो. पहिल्या वेळी माझ्या मित्राने एवढेच म्हटले होते, "हा माझ्यासाठी वर्षातला सर्वांत मोठा दिवस आहे, तू असलास तर मला आनंद होईल, नाही जमले तरी रविवारी आपण नेहमीसारखे भेटूच." त्या वर्षी मी गेलो नाही, आणि रविवारी आम्ही खरोखरच नेहमीसारखे भेटलो, त्याने तो विषयही काढला नाही. त्यामुळेच पुढच्या वर्षी मी आपण होऊन विचारले. त्याचा विश्वास मी आजही स्वीकारलेला नाही, पण माझे वडील गेले त्या रात्री "मी तुझ्यासाठी प्रार्थना केली तर चालेल का?" असे त्याने विचारले, तेव्हा मी हो म्हणालो.

तिसरा बाक

सर्वांचे मनःपूर्वक आभार. ओसरी, तुमच्या प्रश्नाचे उत्तर लिहिताना संकोच वाटतो: नऊ वर्षांत मी तिच्या घरी चार-पाच वेळाच गेले असेन. आज तिला फोन करून शनिवारी येऊ का, असे विचारले. नाताळचे अजून काही बोललेले नाही. धाकट्याच्या प्रश्नाचे उत्तर मात्र तिथेच, त्याच्यासमोर देणार आहे.