आधी माणसं की आधी कागद? थर वाळवंटाच्या निमित्तानं कोल्हापूरचा प्रश्न

(चर्चा; प्रत्येक मजकुराच्या वर बोलणाऱ्याचं टोपणनाव)

रंकाळावेस

कोल्हापूरचा इतिहास जपायचा म्हटलं की सगळ्यांचं लक्ष मोडी रुमालांकडं, म्हणजे कापडात बांधून ठेवलेल्या मोडी लिपीतल्या कागदांच्या गठ्ठ्यांकडं जातं. संस्थानी हुकूम, जमिनीचे कागद, जमाखर्च. ते जपलेच पाहिजेत, त्याबद्दल वाद नाही. पण हातात पैसा आणि माणसं थोडी असतील तर आधी म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी ध्वनिमुद्रित कराव्यात आणि स्कॅनिंग नंतर घ्यावं, असं मला ठामपणे वाटतं. रुमाल आणखी दहा वर्षं कपाटात राहील. नव्वदीतली आजी राहणार नाही.

राजस्थानातल्या थर वाळवंटाकडं बघा. कोमल कोठारी आणि विजयदान देथा यांनी १९६० मध्ये जोधपूर जिल्ह्यातल्या बोरुंदा गावात रूपायन संस्थान उभं केलं. देथांनी गावकऱ्यांच्या तोंडच्या कथा लिहून काढल्या. कोठारींनी लंगा आणि मांगणियार गायकांची गाणी वर्षानुवर्षं ध्वनिमुद्रित केली. कोठारींची दृष्टी मला फार महत्त्वाची वाटते. राजस्थान त्यांनी जिल्ह्यांनुसार पाहिला नाही. बाजरीचा मुलूख, ज्वारीचा मुलूख, मक्याचा मुलूख असा पाहिला, कारण जे पिकतं त्यावर घर, सण, गाणं सगळं ठरतं. त्यांच्या कल्पनेतून जोधपूरजवळ मोकलावासला उभ्या राहिलेल्या अरणा-झरणा संग्रहालयात झाडू मांडलेत. कुठल्या गवताचा, कोण बांधतं, घरात कुठला आणि खळ्यावर कुठला, हे सगळं सांगितलंय.

आपला जिल्हा असा कुणी पाहिलाय का? गगनबावडा-शाहूवाडीचा नाचणी-भात एकीकडं, शिरोळ-हातकणंगल्याचा ऊस दुसरीकडं.

मोडीवाचक

ताई, तळमळ पटते, क्रम पटत नाही. आठवण कितपत खरी हे ताडायला कागदच लागतो.

थरमधलंच कुलधरा घ्या. जैसलमेरजवळचं पालीवाल ब्राह्मणांचं ओसाड गाव. दिवाण सालिमसिंगाची नजर मुखियाच्या मुलीवर पडली, म्हणून ८४ गावं एका रात्रीत उठून गेली आणि जाताना शाप देऊन गेली, असं तिथं सांगतात. अभ्यासकांनी पाणी आटणं, करांचा जाच, भूकंप अशी कारणं मांडली आहेत आणि वस्ती हळूहळू रोडावली असावी असं म्हटलंय. लोकांच्या तोंडी मात्र शाप उरला, आणि आज ते भुताचं गाव म्हणून पर्यटकांना दाखवतात. उलट सतराव्या शतकात जोधपूरचा दिवाण मुहणोत नैणसी यानं मारवाडच्या परगण्यांची गाववार माहिती लिहवून घेतली. महसूल किती, पिकं कुठली, विहिरी-तळी किती. साडेतीनशे वर्षांनी आजही ती उघडून ताडता येते.

आणि रुमाल थांबतो हे कुणी सांगितलं? पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट. २०१९ ला पाणी ५५ फुटांच्या पुढं गेलं, २०२१ ला पुन्हा तेच. नदीकाठच्या घरांतल्या पेट्यांमधले कागद चिखल झाले. ते परत कुठून आणणार? २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायची वेळ आली तेव्हा मोडी वाचणारी माणसं शोधत फिरावं लागलं, हेही विसरू नका.

गडहिंग्लजचा

दोघांनाबी एक इचारतो. आमच्याकडं हेळवी येतो, बैलावर बसून. दारात आला की घराण्याची नावं घडाघडा सांगतो, मूळ गाव कुठलं, कुठली शाखा कुठं गेली, सगळं. आणि त्याच्याकडं वही पण असत्या, नवीन पोरगं झालं की त्यात नाव चढवतो. आता ह्याला तोंडी म्हणायचं का कागद? मारवाडात भाटांच्या बह्या, म्हंजे वंशावळीच्या वह्या, अशाच असतात की. पुन्हा हेळव्याची पोरं आता हा धंदा करायला तयार न्हाईत. वही राहील, पण ती वाचून सांगणारा गेला तर नुसत्या नावांचं काय करायचं?

मोडीवाचक

दादा, मुद्दा रास्त आहे. पण हेळव्याला धान्य-कापड यजमानाच्या घरातून मिळतं. मांगणियारही यजमानाची वंशावळ गातो आणि नेग, म्हणजे बिदागी घेतो. ज्याच्या घरचं खायचं त्याच्या आजोबाचं कर्ज कोण सांगेल? ते गहाणखतातच सापडतं.

जात्यावरची

गहाणखतात बाई सापडते का, सर? सापडली तरी अमक्याची बायको, तमक्याची विधवा, एवढीच. गी पॉइतवाँ आणि हेमा राईरकर यांच्या चमूनं महाराष्ट्रातल्या गावोगावी फिरून १ लाखाहून जास्त जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. नवरा, सासर, माहेर, दुष्काळ, आंबेडकर, सगळं बायकांच्या शब्दांत. हे कुठल्या रुमालात होतं?

थरमधल्या कुंईचं, म्हणजे छोट्या विहिरीचंही तसंच. वाळूखाली खडियाचा थर असतो, तो पावसाची ओल खालच्या खाऱ्या पाण्यात मिसळू देत नाही. ती ओल टिपायला अरुंद, खोल कुंई खणतात. खणणाऱ्याला चेजारो म्हणतात. आत कुदळ मारायला जागा नसते, म्हणून आखूड दांड्याची बसौली. डोक्यावर धातूचं भांडं, वरून काही पडलं तर म्हणून. आत गुदमरायला लागलं की वरची माणसं मूठमूठ वाळू जोरानं खाली फेकतात, तिच्याबरोबर ताजी हवा आत जाते. नैणसीच्या कारकुनानं विहीर मोजली असेल, पण खणणाऱ्याला श्वास कसा मिळतो ते खणणाराच सांगणार.

मोडीवाचक

हे उदाहरण मला मान्य. कारागिराची विद्या कागदावर उतरत नाही. पण मग नियम तरी ठरवा. मोबाइलवर आजोबांना बोलतं करायचं आणि फाइल तशीच टाकून द्यायची, हा संग्रह नव्हे. कोण बोललं, कुठल्या गावात, कधी, प्रश्न कुणी विचारला, हे सोबत लिहिलेलं नसेल तर पन्नास वर्षांनी ते ध्वनिमुद्रण कुणाच्या कामाचं?

करवीर तालुका

आणि परवानगी? बोलता बोलता आजी भावकीच्या बांधावर येते. कुणी कुणाची जमीन लाटली ते नावानिशी सांगते. ते उद्या कोर्टात वाजलं तर त्या घरात ती राहणार कशी? काही भाग ती हयात असेपर्यंत बंद ठेवायची सोय नसेल तर मी माझ्या आजीला बोलू देणार नाही.

रंकाळावेस

दोन्ही अटी मला मंजूर. बोलणाऱ्याला आधी ऐकवायचं, तिनं म्हटलं तेवढंच उघडं ठेवायचं.

क्रम मात्र मी बदलणार नाही. गुऱ्हाळघरं भराभर बंद होताहेत. काहिलीत रस उकळताना भेंडीचा चिकट रस कधी घालायचा, मळी कुठवर काढायची, चुलवाण्यानं जाळ कधी ओढायचा, पाकाचा थेंब पाण्यात टाकून गोळी कशी बघायची, हे गुळव्याच्या हातात आणि नजरेत आहे. बाजार समितीच्या दप्तरात गुळाच्या रव्यांची, म्हणजे ढेपांची आवक मिळेल, भाव मिळेल. गुळव्या मिळणार नाही. मी करवीर आणि पन्हाळ्यातल्या जुन्या गुळव्यांपासून सुरू करतेय. मोडीवाचक सर, नोंदीचा तक्ता तुम्ही करून द्या.

मोडीवाचक

तक्ता देतो. पण ज्या घरात ध्वनिमुद्रण कराल त्या घरातली पेटीही उघडायला सांगा, आणि कागद निघाला तर त्याच दिवशी फोटो काढा. पुढचा पावसाळा कागदालाही सोडणार नाही.