कीबोर्डवाल्याने बासरीचा टोन वाजवावा का? (माझं मत: नाही. आता द्या शिव्या)

काळी_पाच:
मंडळी, ३४ वर्षं झाली कीबोर्ड वाजवतोय, नाशिकमध्येच. ऑर्केस्ट्रा, भावगीतं, भक्तिगीतं, रिसेप्शन, सगळं केलं. कालिदास नाट्यगृहात किती वेळा बसलो ते मोजलं नाही आणि सिडकोत गणपतीत पावसात कीबोर्डवर प्लास्टिक पांघरून खालून हात घालून पण वाजवलंय.

परवा एका कार्यक्रमाला आयोजक म्हणाले, काका बासरीवाला सांगितलेला नाही, तुमच्या कीबोर्डात आहेच ना बासरी. आहे की! बासरी आहे, सतार आहे, सनई आहे, हेलिकॉप्टर पण आहे. वाजवली. टाळ्या पण पडल्या. पण घरी येताना द्वारकेच्या सिग्नलला उगाच हिशोब करत बसलो.

सुरुवातीला आम्ही अकरा जण असायचो. दोन व्हायोलिन, बासरी, अकॉर्डियन, दोन गिटार, तबला, ढोलक, कोंगो, ड्रम आणि मी, माझ्याकडे तेव्हा कॅसिओ होता ज्याला लोक खेळणं म्हणायचे आणि ते बरोबरच होतं. मग मी पैसे साठवून सेकंडहँड रोलंड एक्सपी ६० घेतला, फ्लॉपीवाला. काय आवाज होता राव! पहिल्याच सीझनला अकॉर्डियनवाले काका गेले, म्हणजे त्यांना कोणी जा म्हटलं नाही, फक्त फोन करणं बंद झालं. मग व्हायोलिन गेली. ऑक्टोपॅड (काठीने वाजवायचा इलेक्ट्रॉनिक पॅड) आला तसे कोंगो आणि ड्रम एकाच माणसाच्या चार फुटात आले. शेवटी बासरी. तो माझा दोस्त, एकाच डब्यातलं खाल्लेलं, तो अंबडला कंपनीत लागला. मी नवीन कीबोर्ड घेतला की टेम्पोतली एक जागा रिकामी व्हायची आणि मला वाटायचं आपली प्रगती होतेय.

आता पेन ड्राइव्हवर ट्रॅक लावून गातात, मीच नको झालोय, तेव्हा मला हे सुचतंय हे पण मान्य.

तर माझा नियम. ज्या वाद्याचा वाजवणारा आपल्या गावात आहे त्याचा टोन मी वाजवणार नाही. पियानो, ऑर्गन, स्ट्रिंग्ज (व्हायोलिनच्या ताफ्याचा टोन), पॅड (मागे भरून राहणारा लांब सूर), बेल, एवढं आपलं. बोला.

ट्रान्सपोज_प्लस_दोन:
काका, रिस्पेक्ट आहे पण पटलं नाही. आधी सांगा स्ट्रिंग्ज तुमचे कसे? व्हायोलिनच ना ती? ऑर्गन तरी कोणाचा होता? सोयीचं तेवढं ठेवलंय तुम्ही.

दुसरं, १९५४ च्या नागिन सिनेमातली बीन. अख्ख्या देशाला बीन म्हटलं की तीच आठवते आणि ती बीन नव्हतीच, कल्याणजींनी (पुढे संगीतकार झाले ते, कल्याणजी-आनंदजीमधले) क्लेव्हिओलिनवर वाजवलीये, संगीतकार रवी हार्मोनियमवर होते. म्हणजे इलेक्ट्रॉनिक कीबोर्डच की तो. तेव्हा कोणी म्हटलं का की मुंबईत पुंगीवाले आहेत, त्यांना बोलवा? मी कॉलेज रोडला क्लास घेतो, शनिवार रविवार प्रोग्राम करतो, आयोजक मला एकट्याला सांगतो आणि सगळं हवं म्हणतो. मी नाही म्हटलं तर तो दुसऱ्याला सांगेल. बासरीवाल्याला तरीही फोन जाणार नाहीच.

पेटीमास्तर_पंचवटी:
हा वाद फार जुना आहे हो. आज तुम्ही कीबोर्डला जे म्हणताय ते आमच्या पेटीला म्हणून झालंय. परदेशी वाद्य, श्रुती लागत नाहीत, मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) निघत नाही, सारंगीवाल्याच्या पोटावर पाय. रेडिओवर १९४० पासून पेटीला बंदी होती, उठली १९७१ ला. तीस वर्षं! आणि आरोप खोटे नव्हते बरं का, सारंगी मागे पडलीच. पण त्याच पेटीवर गोविंदराव टेंबे झाले, पी. मधुकर झाले, आप्पा जळगावकर आणि तुळशीदास बोरकर झाले. ते सारंगीची नक्कल करत बसले नाहीत, पेटीला जे येतं ते त्यांनी शोधलं. आमच्या आजोबांकडे पायपेटी होती, संगीत नाटकाला वाजवायची, तिचा भरणा वेगळाच, ती पेटीसारखी पण वाजवायची नसते.

तेव्हा काळी_पाच साहेब, तुमचा नियम अर्धा बरोबर. बासरीवाल्यावर दया म्हणून नको. कीबोर्डाला स्वतःचं काही सांगता येतं का ते बघा.

काळी_पाच:
@ट्रान्सपोज, स्ट्रिंग्जवर पकडलंस, खरंय. माझ्याकडे उत्तर नाही. दोन व्हायोलिनवाले मीच घालवले आणि वर स्ट्रिंग्ज आपले म्हणतोय.

पण नागिनचं नाही पटलं. कल्याणजींनी पुंगीची कॉपी नाही केली, गारुड्याच्या पुंगीतून तसा आवाज येतच नाही, तो क्लेव्हिओलिनचाच आवाज आहे आणि तसाच वाजवलाय. मास्तर म्हणतात तेच. हिंदी सिनेमातला वादक केरसी लॉर्डसारखा माणूस बघ, अकॉर्डियन, ग्लॉकेनस्पील, व्हायब्राफोन सगळं हातात होतं आणि वर सत्तरच्या दशकात मिनीमूग सिंथेसायझर आणला, पण मिनीमूगवर मिनीमूगच वाजवला.

आपण काय करतो, बासरीचा टोन लावतो आणि पियानोसारखी बोटं मारतो. जुन्या सॅम्पलवाल्या (खऱ्या वाद्याचा आवाज रेकॉर्ड करून भरलेल्या) कीबोर्डात अजून एक गंमत, एकच सॅम्पल खालीवर ताणलेलं असतं, त्यामुळे वरच्या सप्तकात गेलं की बासरीचं कंपन पण जोरात थरथरायला लागतं, थंडी वाजल्यासारखं. रोलंडचा बेंडर लिव्हर आडवा ढकलून मींड काढता येते, मी पाच वर्षं घासली ती, बरी येते. पण फुंकीतला तो सुरुवातीचा भसाडा श्वास? तो कुठून आणू?

फेडरवाला:
साउंडवाल्याचं पण ऐका कोणीतरी. बासरी स्टेजवर आली की माझं ब्लड प्रेशर वाढतं. माइकपासून एक वीत लांब गेला की आवाज गायब, जवळ आला की फूऽऽ, स्टेजवरचा मॉनिटर स्पीकर वाढवला की शिट्टी. कीबोर्डाचे दोन जॅक डीआय बॉक्सला (वाद्य थेट मिक्सरला जोडायचा डबा) घातले की विषय संपला. (आणि एकच केबल असेल तर एल मोनो लिहिलंय त्यात घाला रे बाबांनो, आर मध्ये घालून पियानो पातळ लागतोय म्हणून मला ओरडू नका.)

पण कीबोर्डवाल्यांना पण एक सांगायचंय. डाव्या हाताने बास, उजव्या हाताने पॅड, वर स्टाइल (कीबोर्डातला तयार ताल) चालू, वर प्रत्येक पीसला (ओळींमधल्या वाद्यांच्या तुकड्याला) व्हॉल्यूम वाढवणार आणि परत खाली आणणार नाही. गाणाऱ्याला जागाच उरत नाही. अकरा माणसं होती तेव्हा निदान प्रत्येकजण कधीतरी गप्प बसायचा. रात्री दहाला पोलीस यायच्या आत माझी लढाई असते ती कीबोर्डशीच.

मुखडा_अंतरा:
मी गाते, २० वर्षं. फेडरवाला दादांना दंडवत, शेवटचं वाक्य फ्रेम करून लावा.

मी काकांच्या बाजूने आहे पण कारण वेगळं. बासरीवाला माझ्याबरोबर श्वास घेतो. खरंच घेतो, त्याला पर्याय नसतो. मी ओळ लांबवली तर त्याला कळतं की आता हिला दम लागणार, तो थांबतो. कीबोर्डवाल्याला दम लागतच नाही त्यामुळे तो माझी ओळ संपायच्या आत पीस घेऊन तयार! सगळेच असे नाहीत, चांगले पण आहेत.

आणि ट्रान्सपोजवरून (कीबोर्डाची पट्टी वरखाली करायचं बटण) आठवलं, नाव घेत नाही, पिंपळपारावरच्या पहाटेला नाही, दुसऱ्या एका दिवाळी पहाटेला, माझ्या आधीच्या गायकासाठी दोनने खाली केलेलं बटण कीबोर्डवाले विसरले. माझी पट्टी काळी चार, पीस सुरू झाला काळी तीनला. सकाळी सहाला, गळा अजून झोपलेला. मंद्रात गाणं इतकं खाली गेलं की पहिल्या ओळीला लोकांना वाटलं पाठांतर विसरली. ते मिश्किल हसले फक्त, त्यांना दुसऱ्या पट्टीत बोटं येत नव्हती म्हणून कीबोर्ड पूर्ण बंद करून परत चालू केला. दीड मिनिट.

ट्रान्सपोज_प्लस_दोन:
ताई, माझ्या आयडीवर टोमणा आहे का 😄 बटण दाबतो मी, लपवत नाही. पेटीवाल्यांकडे पण स्केल चेंजरच्या पेट्या आहेत, पट्टीच सरकते, त्याला कोणी नावं ठेवत नाही.

पेटीमास्तर_पंचवटी:
ठेवतो. आम्ही ठेवतो.

सोपान_पहिला_कीबोर्ड:
मोठ्यांच्या चर्चेत विषयांतर करतो, सॉरी. माझा सस्टेन पेडल उलटा चालतोय, दाबला की आवाज तुटतो, सोडला की लांबतो. पेडल दुसऱ्या कंपनीचा आहे. बदलावा लागेल का?

मंडळाचा_खजिनदार:
बरेच दिवस वाचतो, आज लिहितो कारण ते "आयोजक" आमच्यासारखेच कोणीतरी आहेत. मागच्या वर्षी आमचं संगीताचं बजेट १८ हजार होतं. साउंड वेगळा. त्यात गायक दोन, तबला, ढोलक, ऑक्टोपॅड, कीबोर्ड, निवेदक. प्रत्येकाचं पाकीट, जेवण, येण्याजाण्याचं. वर्गणीला दारोदार फिरतो तेव्हा कोणी विचारत नाही बासरी आहे का, विचारतात डीजे आहे का. डीजे नको म्हणून आम्ही गाणी ठेवली त्यावरून मंडळात भांडण झालं, ते कोणाला सांगू. सगळे आयोजकांना कंजूष म्हणतात. कोणी पाकीट कमी करून एक माणूस वाढवा म्हणतंय का?

काळी_पाच:
खजिनदार साहेब, मुद्दा खरा आहे, राग नाही. मीच सांगतो मग. यंदा मला सांगणार असाल तर माझ्या पाकिटातले दीड हजार काढा, तुम्ही पाचशे घाला, बासरी येते. दोन हजारात तो येईल, मी बोलतो. स्ट्रिंग्ज मी वाजवीन, @ट्रान्सपोज ने माफी दिली तर.

फेडरवाला:
म्हणजे माझ्या डोक्याला ताप. आणा. माइक मी देतो, त्याला फक्त हलू नको म्हणा.

ट्रान्सपोज_प्लस_दोन:
काका हे एका कार्यक्रमापुरतं ठीक आहे, याने नियम होत नाही. मी दीड हजार सोडले तर माझा क्लासचा हप्ता कोण भरणार? तुमचं घर झालंय, पोरं लागलीत. माझं मत बदललेलं नाही. पण ऐकायला येईन.

मंडळाचा_खजिनदार:
विचारतो मंडळात. बासरीवाल्यांचा नंबर द्या.

काळी_पाच:
इथे नको, मेसेज करतो. आणि दुपारी तीननंतरच फोन करा, सध्या रात्रपाळी आहे त्याची, झोपलेला असतो.

@सोपान, पेडल बदलू नको. कंपन्यांचे स्विच उलटसुलट असतात, पण बरेच कीबोर्ड चालू होताना पेडल ओळखून घेतात. आधी बंद कर, पेडल लाव, त्याच्यावरून पाय काढ आणि मग चालू कर. तरी उलटा चालला तर पेडलच्या खाली छोटा स्विच आहे का बघ.

सोपान_पहिला_कीबोर्ड:
पाय ठेवूनच चालू करत होतो 🙏 झालं.