ला पेलोझा आणि आसपासचा किनारा : तुमचे अनुभव

सोनचाफा (धागाकर्ती)
गेल्या सप्टेंबरात इटलीतल्या सार्डिनिया बेटाच्या वायव्य टोकाला, स्तिंतिनो गावाजवळच्या ला पेलोझाला जाऊन आले. किनारा एवढासा. जुहू पाहिलेल्याला 'हाच का तो?' असं वाटेल. पण वाळू मैद्यासारखी पांढरी, आणि कमरेएवढ्या पाण्यात उभं राहिलं तरी पायाची नखं मोजता येतात. समोरच्या खडकावर १५७८ सालचा टेहळणी बुरूज आहे, तिथवर पाण्यातूनच चालत जाता येतं.

मला मात्र जन्मभर लक्षात राहील ती चटई. टॉवेल थेट वाळूवर पसरायचा नाही, खाली चटई हवीच, नाहीतर दंड. ओल्या कापडाला चिकटून वाळू घरोघरी जाते आणि किनारा झिजतो, म्हणून. आम्हाला हे माहीतच नव्हतं, ऐनवेळी विकत घेतली. सध्या तिच्यावर मिरच्या वाळताहेत.

ज्यांनी पाहिलाय त्यांनी लिहा. नुसता किनारा नको, आजूबाजूचंही येऊ द्या.

देवगडचा हापूस
सवयीने हॉटेलवाल्याला विचारलं, "ओहोटी किती वाजता?" तो बघतच राहिला. तिथे भरती-ओहोटीचा फरक जेमतेम वीतभर! आमच्याकडे पाणी कुठल्या कुठे जातं, इथे सकाळी ठेवलेली चप्पल संध्याकाळी तिथेच. शिवाय समोर इझोला पियाना आणि आसिनारा बेटं आडवी पडलेली, त्यामुळे लाटा नावालाच. पोहता न येणाऱ्या माझ्या बायकोनेही दोन तास पाणी सोडलं नाही. मला खरं सांगू? लाटांच्या आवाजाशिवाय समुद्र अर्धवट वाटतो.

उशिरालतीफ
आम्ही किनारा बघितला तो रस्त्यावरून. दिवसाला १५०० माणसं, आधी ऑनलाइन नोंदणी, माणशी साडेतीन युरो. आम्ही ऑगस्टमध्ये असेच तोंड वर करून गेलो. आत घेतलं नाही, बरोबरच केलं.

मग गावात गेलो आणि तो दिवस सत्कारणी लागला. १८८५ मध्ये सरकारने आसिनारावर कैद्यांची वसाहत करायची म्हणून तिथल्या पंचेचाळीसेक कुटुंबांना बेट सोडायला लावलं. त्यांतल्या कोळ्यांनी वसवलेलं गाव म्हणजे स्तिंतिनो. टूना पकडायच्या जाळ्यांचं संग्रहालय आहे, ते चुकवू नका. धरणात गाव गेलेल्या माणसाला ही गोष्ट निराळीच लागते. आमचं गेलंय.

म्युनिककर
आसिनाराला बोटीने जाच. तुरुंग १९९७ पर्यंत होता, आता राष्ट्रीय उद्यान आहे आणि रस्त्यावर पांढरीशुभ्र, फिकट डोळ्यांची गाढवं फिरतात. माफियांवरच्या मोठ्या खटल्याची कागदपत्रं तयार करायला १९८५ मध्ये फाल्कोने आणि बोर्सेलिनो या न्यायाधीशांना जिवाच्या भीतीने इथे आणून ठेवलं होतं. वर मुक्कामाचं बिल सरकारने त्यांनाच लावलं! १९९२ मध्ये दोघेही मारले गेले. हे ऐकल्यावर कोणालाच गाढवांबरोबर सेल्फी काढावासा वाटेना. पाच मिनिटांनी काढले म्हणा.

गुडघेदुखी
आल्गेरोजवळची नेपच्यूनची गुहा. कड्यावरून ६५४ पायऱ्या उतरायच्या, आणि तेवढ्याच चढायच्या, हे मुलगा सांगायला विसरला. बोटीनेही जाता येतं. बोटीनेच जा.

देवगडचा हापूस
एक राहिलं. बाजूच्या छोट्या किनाऱ्यावर वाळक्या तपकिरी पानांचे ढीग होते. बायको म्हणाली, काय घाण ठेवलीय. ते पोसिडोनिया, समुद्रातलं गवत. शेवाळ नव्हे, चक्क फुलं येणारी वनस्पती. हिवाळी लाटा त्या ढिगांवर आपटतात म्हणून खालची वाळू टिकते.

सोनचाफा
@हापूस, वाळूवरून आठवलं. परतताना विमानतळावर आमच्या पुढच्या बाईंच्या बॅगेतून शीतपेयाची बाटली निघाली, गळ्यापर्यंत पांढऱ्या वाळूने भरलेली. २०१७ पासून सार्डिनियात वाळू, खडे, शिंपले उचलणं गुन्हा आहे, दंड ५०० ते ३००० युरो. बाईंचा चेहरा बघवेना. मी मान खाली घालून उभी, कारण लेकीच्या फ्रॉकच्या खिशात दोन शिंपले आहेत हे मला तेवढ्यातच कळलं होतं. काउंटरवर ठेवले, अधिकारी हसला, जाऊ दिलं.

घरी आल्यावर चटई झटकली. पडलीच चिमूटभर.