चिपळूणला कामगार-आरोग्यावर छोटी परिषद घ्यायचीय, कशी जमवावी?

खाडीकाठ:
नमस्कार मंडळी. मी चिपळूणजवळच्या एका कॉलेजात कम्युनिटी मेडिसिन शिकवते. कामामुळे होणारे आजार आणि प्रदूषण यावर दोन दिवसांची परिषद घ्यावी असं डिपार्टमेंटमध्ये चाललंय, साठ-सत्तर माणसं, जास्त नकोतच. असले कार्यक्रम मुंबई-पुण्यात होतात नाहीतर अहमदाबादला, तिथे एनआयओएच (राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्था) आहे म्हणून, आणि इथे बघाल तर लोटे-महाडच्या केमिकल कंपन्या, काजूचे कारखाने, चिऱ्याच्या खाणी, आंब्यावरची फवारणी, सगळं आपल्या अंगणात. महिना कुठला धरू? पैसे कुणाकडून घेऊ? आणि ज्यांच्या फुप्फुसांवर, हातांवर आपण बोलणार त्या माणसांना हॉलमध्ये कसं आणू? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं नाही तर परिषद घेण्यात मला अर्थ वाटत नाही.

पाळीवाला डॉक्टर:
मॅडम, जरूर घ्या. मी एएफआयएच (कारखान्यातल्या आरोग्याचा डॉक्टरांचा कोर्स) केलेला फॅक्टरी मेडिकल ऑफिसर आहे. जून ते सप्टेंबर विसरा, गाड्या लेट, घाटात दरड, त्यात गणपती. शिमग्याला कोण येणार नाही, एप्रिल-मे आंब्याचा. जानेवारी बरा, मोहोरावर फवारणी चालू असते, पाहुण्यांना बागेत नेऊन दाखवता येईल की माणूस पंप घेऊन वाऱ्याच्या तोंडाला उभा असतो आणि तोंडाला फक्त रुमाल.
पैशाचं म्हणाल तर ज्या कंपन्यांच्या धुराबद्दल बोलायचं त्यांचेच बॅनर स्टेजवर नकोत, मग मोकळेपणाने कोण बोलणार? फी कमी ठेवा, हॉल कॉलेजचाच घ्या, जेवण बचत गटाकडून. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या क्रेडिट पॉइंटसाठी (डॉक्टरांना रजिस्ट्रेशन चालू ठेवायला लागतात ते) मात्र अर्ज लवकर टाका, पॉइंट असले की गावागावातले जीपी येतात. आणि तेच यायला हवेत. पेशंटला त्याचा धंदा विचारा हे रामाझिनी या इटालियन डॉक्टरने 1700 साली सांगितलंय, तरी आपल्याकडे केसपेपरवर "खोकला, 6 महिने" एवढंच असतं, तो माणूस दगड फोडतो की भट्टीवर असतो याचा पत्ता नाही. सिलिकोसिस (दगडाच्या धुळीने होणारा फुप्फुसाचा आजार), आवाजाने आलेला बहिरेपणा हे कायद्याने कळवायचे आजार आहेत, पण धंदाच विचारला नाही तर कळवणार काय? एक अख्खं सत्र त्यावरच ठेवा, खरे केसपेपर घेऊन (नावं झाकून).

काजूबी:
ताई, मी काजू कारखान्यातल्या बायकांबरोबर काम करते. बायकांना बोलवाल तर त्या दिवसाची मजुरी हातात द्या, नुसतं जेवण आणि शाल-श्रीफळ नको. किलोवर पैसे मिळतात त्यांना, एक दिवस गेला की गेला. ग्लोव्हजचंही हेच आहे. उकडलेली बी कटरवर फोडताना टरफलातलं तेल उडतं, त्यात अॅनाकार्डिक अॅसिड असतं, कातडी भाजते, बोटं काळी पडून सालं निघतात, मग बाहेरचे तज्ज्ञ येऊन सांगतात ग्लोव्हज घाला. घातले की बी हातात ठरत नाही, किलो कमी भरतात. हे त्या स्वतः सांगतील, आणि तुमच्या संशोधकांनी तिथे बसून ऐकावं. पण स्टेजवर माईक देऊन उभं करू नका, आठ-दहा जणांची गोल बैठक करा, मराठीतून, आणि त्यांच्या मालकाला त्या खोलीत बोलवू नका. फोटो विचारल्याशिवाय नको. एका कार्यक्रमात आमच्या एका बाईचे हात मोठ्ठे करून पडद्यावर दाखवले होते, ती समोरच बसलेली, तिला कुणी विचारलं नव्हतं. फार लागलं तिला ते.

जेटी:
मासेमारीवाल्यांना विसरू नका हो. बंदी 1 जून ते 31 जुलै, तेव्हाच ते घरी सापडतात, जानेवारीत सगळे समुद्रात. त्यांच्या मुलाखती बंदीच्या काळातच रेकॉर्ड करून ठेवा, परवानगी घेऊन. इंजिनाशेजारी वर्षानुवर्षं झोपणाऱ्या तांडेलांची (बोट चालवणाऱ्यांची) ऑडिओमेट्री, म्हणजे कानाची तपासणी, पण तेव्हाच होईल, आकडे जानेवारीत मांडा. आणि डब्ल्यूबीजीटी मीटर (ऊन, दमटपणा, वारा सगळं धरून गरमी मोजणारा) मिळाला तर परिषदेत दुपारी बाहेर लावा. नुसत्या तापमानावरून आपल्याकडची गरमी कळतच नाही, दमट हवेत घाम सुकत नाही, त्या मापात ओल्या बल्बला (ओलं कापड गुंडाळलेल्या थर्मामीटरला) 70 टक्के वजन असतं ते त्यासाठीच.

खाडीकाठ:
जानेवारी पक्का धरते. मजुरीचा खर्च बजेटमध्ये पहिल्या ओळीला टाकला. काजूबी ताई, गोल बैठकीला कुणाला बोलवायचं ते तुम्हीच ठरवाल का? आणि मालक बाहेर राहतील हे मी स्वतः बघते. जेटी दादा, ऑडिओमेट्रीला आमचं मशीन आणि दोन इंटर्न जूनमध्ये पाठवता येतील, कुठल्या बंदरापासून सुरू करू ते सांगा.